प्रश्नाची चौथी ओळ

मंगळवार, ८ जुलै २०२५

दैनंदिनी पुन्हा सुरू करीत आहे. जानेवारीत दमयंती गेली, तेव्हापासून या वहीत एक अक्षरही लिहिले नव्हते. लिहिण्यासारखे काही नव्हते म्हणून नव्हे. जे मनात येत होते ते लिहिण्याजोगे नव्हते. आता मात्र ते व्यवस्थित मांडण्याची वेळ आली आहे.

काल सायंकाळी अनन्या आली होती. ती येथील, नगरच्या, वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते आणि वसतिगृहात राहते. आठवड्यातून एकदा सावेडीला घरी येते, फ्रीज उघडून आत काय आहे ते पाहते आणि मी जेवतो की नाही याचा अंदाज घेते. काल तिने एक काम पुढे केले. एखाद्या उपचाराविषयी जगभर जेवढे अभ्यास झाले असतील ते सगळे शोधायचे, ठरलेल्या नियमांनी पारखायचे आणि त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढायचा, असे ते काम आहे. तिच्या विभागाला त्यासाठी शोध घेणारा माणूस हवा आहे.

‘बाबा, तुमच्याइतकं नीट कोण शोधणार?’ असे ती म्हणाली. मी आयुष्यभर महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, तेव्हा विधान चुकीचे नाही. परंतु विषय ऐकल्यावर मी सावध झालो. मधुमेह असलेल्या वृद्ध रुग्णाची मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिस करावे, की औषधे आणि पथ्यावर सांभाळावे, हा तो विषय. म्हणजे थेट तिच्या आईचे, दमयंतीचेच दुखणे. हाच विषय का निवडला, असे मी विचारले. तिने चहाचा कप विसळायला घेतला आणि पाठ वळवूनच ‘निवडला’ एवढे म्हणाली.

मला गुंतवून ठेवण्यासाठी हे काम दिले जात आहे, हे उघड आहे. कशापासून दूर ठेवण्यासाठी, तेही मला कळते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. धवल यांनी दमयंतीचे डायलिसिस काही आठवड्यांतच थांबविले. ‘काकूंच्या हृदयाला ते सोसत नाही’ असे मला सांगण्यात आले. त्यानंतर ती घरी राहिली आणि जानेवारीत गेली. यंत्र चालू राहिले असते तर ती आज असती का, याचे उत्तर मला कोणी देत नाही. धवल अनन्याच्याच महाविद्यालयात, तिच्या पुढच्या वर्गात होता. आमच्याकडे येऊन दमयंतीच्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेला मुलगा आहे.

वैद्यक परिषदेकडे तक्रार करण्याचा माझा निश्चय झालेला आहे. तक्रारीस पुरावा लागतो. तो शोधण्याचे काम अनन्या स्वतःहून माझ्या हाती देत असेल, तर मी नाही का म्हणावे? होकार दिला. कारण सांगितले नाही.


शनिवार, १२ जुलै

विभागात पहिली बैठक झाली. अनन्या आणि तिची सहकारी डॉ. पंकजा, अशा दोघीच होत्या. पंकजा पाथर्डीकडची आहे. आईवडील दर हिवाळ्यात ऊसतोडीला जात, ही कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत अभ्यास करून डॉक्टर झाली, असे अनन्याने मागे सांगितले होते. मुलगी चुणचुणीत आहे आणि आवश्यकतेपेक्षा अधिक थेट पाहते.

शोध घेण्यापूर्वी प्रश्न मांडावा लागतो आणि तो चार ओळींत मांडावा लागतो. रुग्ण कोण. उपाय कोणता. तुलना कशाशी. परिणाम म्हणून काय मोजायचे. यास त्या ‘पिको’ म्हणतात. हा शब्द ऐकून मला साडीची दुकाने आठवली. दमयंतीच्या नव्या साड्या फॉल-पिकोला मीच टाकून येत असे. मी तसे बोललो नाही, पंकजाच बोलली. ‘सर, आमच्या आईला अजून वाटतं मी शिवणकाम शिकते’ म्हणाली आणि स्वतःच हसली.

एक नियम मला फार योग्य वाटला. प्रश्न आधी लिहून जाहीरपणे नोंदवायचा आणि मगच शोधाला हात घालायचा. उत्तर पाहून मागाहून प्रश्न वाकविता येऊ नये, हा त्यामागील हेतू. माणसांच्या बाबतीतही असा नियम असता तर बरे झाले असते.

पहिल्या तीन ओळी सहज झाल्या. चौथ्या ओळीत मी ‘मृत्यू’ असे लिहिले. अनन्या म्हणाली, ‘चौथी ओळ जरा थांबवू या. आधी रुग्णांना विचारायचं असतं, त्यांना काय महत्त्वाचं वाटतं ते.’ मी म्हणालो, रुग्णाला काय विचारायचे? माणूस जगला की मेला, यापलीकडे परिणाम तो कोणता? अनन्याने ‘मृत्यू’पुढे प्रश्नचिन्ह काढले आणि वही मिटली.

चौथी ओळ टाळण्याचे तिला कारण काय? ते मी येथे नोंदवून ठेवतो.


मंगळवार, १५ जुलै

संशयाचीही शिस्त असावी. आजवर मला खटकलेल्या गोष्टी एकत्र लिहितो.

गेल्या ऑगस्टपासून दर बुधवारी दुपारी दमयंतीला वाचायला पुस्तके हवी असत आणि ती आणायला मी वाचनालयात जात असे. परत आलो की ओट्यावर तीन कप धुऊन पालथे घातलेले दिसत. घरी तर दमयंती आणि कामाला येणाऱ्या झुंबरबाई, अशा दोघीच असत. आणि झुंबरबाई आमच्याकडे पेल्यात चहा घेतात. मी आणलेल्या पुस्तकांत खुणेची फीत पहिल्या पानावरून हललेली नसे. पुस्तक वाचले गेले आहे की नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

मी तिचे पाणी मोजून देत असे, कारण डॉक्टरांनी बंधन घातले होते. ‘अहो ग्रंथपाल, पाणीसुद्धा सहीवर देता की काय?’ असे ती म्हणे. मी नियम एकदाही मोडला नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास तुळशीच्या कुंडीत, मातीखाली, मला सीताफळाच्या बिया सापडल्या. पुष्कळ होत्या. सीताफळ तिला पूर्ण वर्ज्य होते. झुंबरबाईंना विचारले, तर त्या फरशी पुसत राहिल्या. ‘मला न्हाई ठावं, दादा’ म्हणाल्या. कोणीतरी तिच्या पथ्यात ढवळाढवळ करीत होते, हे यावरून सिद्ध होते.

शेवटची गोष्ट मला सर्वांत अधिक सलते. दहाव्याला नेवाशास प्रवरेकाठी पिंडाला कावळा शिवेना. गुरुजींनी प्रथेप्रमाणे मला बोलायला सांगितले. घर सांभाळीन, असे मी म्हणालो. अनन्याची काळजी करू नकोस, असे म्हणालो. औषधोपचारात काही उणे राहिले असेल तर त्याचा छडा लावीन, असेही म्हणालो. कावळे झाडावरून हलेनात. तेव्हा अनन्या पुढे झाली, पिंडाजवळ वाकली आणि काहीतरी पुटपुटली. ती मागे सरकते न सरकते तोच कावळा उतरला. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही. परंतु ती काय म्हणाली, ते मी त्या दिवशी विचारले आणि नंतरही विचारले. तिने सांगितले नाही.


रविवार, २७ जुलै

पहिल्या ओळीवर आठवडाभर काम करीत आहे. ‘वृद्ध मधुमेही रुग्ण’ हे वर्णन फारच ढोबळ आहे. त्यात कोणीही बसेल. अचूकता हवी. मी ओळ अशी सुधारली: वय साठीच्या पुढे, स्त्री, जुना मधुमेह, हृदय अशक्त, घरच्यांची पूर्ण देखभाल, पथ्य काटेकोर, कधी कुरकुर न करणारी. शेवटचा शब्दप्रयोग वैद्यकीय नाही असे अनन्या म्हणाली. मी तो काढला. बाकीचे ठेवले.

याच कामात एक निवेदन द्यावे लागते. विषयाशी आपला काही वैयक्तिक हितसंबंध असल्यास तो प्रत्येकाने जाहीर करायचा. अनन्याने आपल्या नावापुढे ‘आईवर याच आजाराचे उपचार झाले’ असे लिहिले आहे. स्वतःच्या कामाला स्वतःच बाधा आणणारे वाक्य कोणी असे लिहील का? मी माझ्या नावापुढे ‘नाही’ असे लिहिले. माझा हितसंबंध नाही. माझा संबंध सत्याशी आहे. अनन्याने ते वाचले आणि पान उलटले.


शनिवार, २ ऑगस्ट

आज प्रश्नाची चाचणी घेतली. पंकजाच्या संगणकावर मी सुचविलेले सर्व शब्द आणि त्यांचे पर्याय घातले आणि जगभरचे अभ्यास चाळले. निष्पत्ती शून्य. मी पुन्हा तपासले, पर्यायी शब्द वाढविले. पुन्हा शून्य.

अनन्या नुकतीच बाहेर गेली होती. माझा पहिला विचार असा झाला की कोणीतरी शोधात फेरफार केला आहे. मी पंकजाला तसे स्पष्ट विचारले. तिला राग आला नाही. माझी पहिली ओळ तिने मोठ्याने वाचली, अगदी सावकाश, आणि मग म्हणाली, ‘सर, असा पेशंट सगळ्या जगात एकच असेल.’

त्यानंतर तिने मला पाणी आणून दिले. मी ते प्यालो नाही.


रविवार, ३ ऑगस्ट

पहिली ओळ पूर्ववत केली: वृद्ध मधुमेही रुग्ण.

ती ओळ आता परक्या माणसाबद्दल असल्यासारखी वाटते. बहुधा तशीच असायला हवी.


रविवार, १७ ऑगस्ट

प्रश्न सैल केल्यावर पुष्कळ अभ्यास हाती आले. आता चाळणीचा सराव चालू आहे. पद्धत अशी की तेच सारांश दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे आणि कोणता घ्यायचा, कोणता वगळायचा हे एकमेकांना न सांगता ठरवायचे. जेथे मतभेद होतील तेथे विभागप्रमुख डॉ. राजेश्वरी निवाडा देणार. दुसरा डोळा पंकजाचा. तिला मुद्दाम माझ्यासमोर बसविले आहे, याविषयी मला शंका नाही.

आज मतभेदांची यादी निघाली आणि ती फार लांबली. पंकजाने त्यातील एक गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिली. ज्या अभ्यासांत यंत्रावरचे रुग्ण अधिक जगले, ते सगळे मी घेतले आहेत. ज्यांत अशक्त वृद्धांना यंत्राचा फारसा लाभ दिसला नाही, किंवा उरलेले बरेच दिवस इस्पितळातच गेले, ते मी कोणत्या ना कोणत्या कारणाने वगळले आहेत. कारणे मी प्रत्येक वेळी लिहिली आहेत आणि ती चुकीची नाहीत, असे मी म्हणालो.

‘कारणं बरोबरच आहेत, सर,’ ती म्हणाली. ‘पण आपण पंच आहोत की वकील, तेवढं एकदा ठरवा. दोन्ही चालतं. फक्त पगार वेगळा असतो.’

हे बोलणे मला आगाऊपणाचे वाटले. तरीही घरी येऊन ते सारांश पुन्हा काढले. एका अभ्यासात लिहिले होते की यंत्र नको म्हणणारे बरेच रुग्ण अखेरपर्यंत आपल्या घरी होते. मी तो ‘विषयाशी असंबद्ध’ म्हणून वगळला होता. आता तो का असंबद्ध वाटला होता, ते आठवेना.


मंगळवार, १९ ऑगस्ट

आज डॉ. धवल यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. वेळ ठरवून गेलो होतो. त्यांनी बाहेरचे रुग्ण थांबविले आणि मला आत घेतले. अनन्याचा फोन आधीच गेलेला असावा.

मी सरळ प्रश्न केला. दमयंतीचे डायलिसिस थांबविण्याचा निर्णय कोणत्या चाचणीच्या आधारे घेतला?

ते टेबलावरचे पेपरवेट फिरवीत होते. तसेच फिरवीत म्हणाले, ‘काका, तो निर्णय माझा नव्हता.’

मी विचारले, मग कोणाचा? त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ‘म्हणजे, आम्हा सगळ्यांचाच होता,’ असे म्हणाले. पहिले वाक्य सहज निघाले होते आणि दुसरे विचार करून. खरे कोणते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. निघताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. तो द्यावाच लागतो.

धवलचा निर्णय नव्हता. माझा नव्हता. उरली अनन्या.


शनिवार, ३० ऑगस्ट

आज तिच्याशी बोललो. बोललो म्हणण्यापेक्षा उलटतपासणी घेतली, हे म्हणणे अधिक खरे होईल. गणपतीचे दिवस, यंदा घरी मूर्ती आणली नव्हती, कोनाडा रिकामा होता आणि आम्ही त्याच्यासमोर बसलो होतो.

बुधवारी घरी कोण येत असे? सीताफळे कोणी आणली? आईचे उपचार तू थांबविलेस का? त्यावर तिने माझ्याकडे पाहिले. इतक्या शांतपणे की मला माझाच आवाज मोठा वाटला.

‘बाबा, तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं समजा.’

प्रवरेकाठी काय म्हणालीस, असे मी विचारले.

‘ते विचारू नका. तुम्ही मारलंत तरी सांगता येणार नाही.’

मी तिला आयुष्यात कधी मारले नाही. तेही तिला ठाऊक आहे. मग मी सांगून टाकले की तक्रारीचा मसुदा तयार आहे. त्यात धवलचे नाव आहे आणि आता दुसरेही नाव घालावे लागेल. परिषदेने चौकशी लावली तर धवलचा दवाखाना बसेल आणि हिची पदवीही अडेल, हे आम्हा दोघांनाही कळत होते. ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, ‘चौदा तारखेला सोनईला रुग्णांची बैठक आहे. चौथ्या ओळीसाठी. तेवढी होऊ द्या, मग काय पाठवायचं ते पाठवा. मी नाव नाकारणार नाही.’

तिने एवढे कबूल केले, यावरून मी काय समजावे? गुन्हेगार माणूस मुदत मागतो. परंतु तो सहसा दुसऱ्या रुग्णांच्या बैठकीची मुदत मागत नाही.


रविवार, १४ सप्टेंबर

सोनईहून परतलो. जे पाहिले आणि ऐकले ते जसेच्या तसे लिहितो.

समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या. आठ-दहा रुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेली माणसे होती. पंकजा त्यांच्याच बोलीत बोलत होती आणि अनन्या लिहून घेत होती. प्रश्न एकच होता: या आजारात डॉक्टरांनी काय मोजावे? एक म्हातारा म्हणाला, शेतात जाता येतं का ते मोजा. एक बाई म्हणाली, खाज मोजा, खाजेनं झोप न्हाई.

बनुबाई नावाच्या एक बाई कडेच्या खुर्चीवर होत्या. हात सुजलेले, चेहरा हसरा. यजमान बन्सी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि बाईंच्या वतीने तेच उत्तरे देत होते: गोळ्या कोणत्या, शेवटची तपासणी कधी झाली, पाणी किती प्यायचे. त्यांनी घरून पाण्याची बाटली आणली होती आणि तिच्यावर खूण केली होती. मला ते गृहस्थ आवडले.

थोड्या वेळाने बनुबाईंनी त्यांना, सगळ्यांना चहा आणता का, असे विचारले. ते लगबगीने उठले. ते रस्त्यापलीकडे गेल्याची खात्री करून बाई बोलू लागल्या.

‘मालकाला चहाला धाडलंय म्हनून बोलते. आठवड्याला तीन बाऱ्या नगरला जायाचं. निम्मा दिस गाडीत, निम्मा मशिनीवर. घरी आले का पडून. मंग जगले कवा म्हनायचं? डाक्टरला मीच म्हनलं, बंद करा. माजं ठरलंय.’

पंकजाने विचारले, मावशी, घरी हे माहीत आहे का?

‘लेकीला हाय. तिला शपथ घातलीय. मालकाला सांगितलं, शरीराला सोसत न्हाई म्हनून डाक्टरनं बंद क्येलं. आमचा मानूस आशेवर जेवतो, बाई. आशा काढून घेतली तर त्याला दोन घास जायाचे न्हाईत. अन् माझ्यामागं त्याला वाटायचं, ही मला सोडून जायाला तयार झाली. तसं न्हाई हो ते. पन त्याला कसं सांगायचं?’

अनन्याची लेखणी थांबली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती; खाली, कागदाकडेही पाहत नव्हती.

मी विचारले. माझा आवाज सभेत बोलावे तसा निघाला. आपल्या यजमानांना हे कधी कळले तर?

बनुबाई हसल्या. ‘कळलं बी आसंल. त्यो बी मला कळू देत न्हाई.’ मग पंकजाकडे वळून म्हणाल्या, ‘तुमाला मोजायचंच आसंल तर ह्ये मोजा, माज्या दारात मी किती दिस बसले.’

तेवढ्यात बन्सी किटली घेऊन आले. प्रत्येकाला चहा दिला आणि बाईंच्या कपात घोटभरच ओतला. ‘झालं का इचारून? लई इचारता बुवा तुमी लोकं,’ म्हणाले. मला कप देताना त्यांनी तो बशीसह दिला. बहुधा माझ्या वयाकडे पाहून.

परतीच्या वाटेवर अनन्या पुढे बसली होती. पावसाने रस्ता उखडला आहे.


सोमवार, १५ सप्टेंबर

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. वर्षश्राद्ध झाल्यावाचून आमच्याकडे ती करीत नाहीत, त्यामुळे आज काही नव्हते.

बुधवारी मला वाचनालयात पाठविणारी दमयंतीच होती.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ‘जरा चांगली पुस्तकं शोधून आणा, घाई करू नका’ हे तिचेच शब्द. मी शोधून आणीत असे. घाई करीत नसे. बाकीचे दोन कप कोणाचे, हे मी आजवर विचारीत आलो. पहिला कप कोणाचा, हे कधी विचारले नाही.


शनिवार, २० सप्टेंबर

ज्या अभ्यासांना मी वगळले होते ते सर्व पुन्हा वाचले. बहुतेक परत घेतले आहेत. पंकजाला तसे कळविले. तिने उत्तरादाखल फक्त एक अंगठा पाठविला. या पिढीची लेखनशैली.

गेल्या वर्षी या दिवसांत दमयंती काय करीत होती, ते आठवण्याचा प्रयत्न केला. अंगणात बसलेली आठवते. लिंबाचे लोणचे घातले होते, स्वतःला एक फोडही चालणार नव्हती तरी. शेजारच्या मुलींना रांगोळीचे ठिपके मोजून दाखवीत होती. रात्री माझ्या शेजारी बसून बातम्या पाहत होती आणि निवेदिकेच्या साड्यांना नावे ठेवीत होती. हे सर्व त्या महिन्यांतले आहे, ज्यांना मी आजवर ‘उपचार थांबल्यानंतरचा कालावधी’ असे म्हणत आलो.


रविवार, ५ ऑक्टोबर

अनन्या आज आली. सोनईनंतर प्रथमच. फ्रीज उघडला नाही, सरळ माझ्यासमोर बसली. मसुदा गेला का, हे तिला विचारायचे होते आणि विचारवत नव्हते, हे दिसत होते.

मी तिला प्रश्नाचा अंतिम कागद दिला. पहिल्या तीन ओळी जशाच्या तशा. चौथी ओळ मी अशी लिहिली आहे: ‘रुग्ण स्वतःच्या घरी, स्वतःच्या इच्छेने राहिला असे दिवस; त्यानंतर आयुर्मान.’ क्रम मी विचारपूर्वक ठेवला आहे. खाली हितसंबंधाच्या निवेदनात माझ्या नावापुढचा ‘नाही’ खोडून ‘पत्नी’ असे लिहिले आहे.

तिने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग विचारले, ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘तू नाही,’ मी म्हणालो. ‘प्रवरेकाठी तू जो काही शब्द दिला असशील, तो तसाच आहे. त्याला तुझ्याकडून धक्का लागलेला नाही. हवे असल्यास मी तसे लेखी देतो.’

ती हसली आणि त्याच वेळी रडली. मला अशा प्रसंगी काय करावे ते कळत नाही. मी उठून तिला पाणी दिले. पेला काठोकाठ भरला.

पाणी पिऊन झाल्यावर तिने तक्रारीविषयी विचारले. मी सांगितले की मसुद्यात प्रश्नच नीट मांडलेला नव्हता, आणि असा मसुदा पाठविण्याची मला सवय नाही. धवलला एकदा जेवायला बोलाव, असेही म्हणालो. पुरणपोळी मला येत नाही; झुंबरबाईंना विचारावे लागेल.

मग मी तिला एकच प्रश्न विचारला. आधी मनाशी नीट मांडून घेतला होता; उत्तर देताना तिचा कोणताही शब्द मोडू नये, अशा बेताने. ‘तुझ्या आईला सीताफळे कोण आणून देत असे?’

‘मीच,’ ती म्हणाली. ‘पंकजाच्या गावाकडची. बुधवारी टोपलीभर आणायचे.’

‘चांगली होती का?’

‘फार गोड होती, बाबा. आई दुपारी पायरीवर बसून खायची आणि बिया तुळशीत पुरायची. मी म्हणायचे, बाबांना सापडतील. तर म्हणायची, सापडू देत. ग्रंथपाल आहेत, नीट लावून ठेवतील.’

सापडल्या होत्या, एवढे मी तिला सांगितले. कोणत्या विषयाखाली लावल्या होत्या, ते सांगितले नाही.